डाव्या कपाटामागची पट्टी

गेल्या महिन्यात लिहिलेल्या माझ्या मृत्युपत्रात एक चूक आहे. आधी ती दुरुस्त करते. "डोलकाठीच्या तारा बोटीच्या अंगाला धरून ठेवणाऱ्या सगळ्या पट्ट्या मामाने नव्या घातल्या आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही," असं मी त्यात लिहिलं होतं. सगळ्या नव्या नाहीत. डावीकडची एक, आजोबांनी केलेल्या कपाटामागची, जुनीच आहे. म्हणून ते मृत्युपत्र मी रद्द करते आणि हे नवं लिहिते.

मी, वय सव्वीस, धंदा शिडं शिवणे, घरात आणि धक्क्यावर 'किंतु' या नावाने ओळखली जाणारी, हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट लिहू नकोस असंच सगळे म्हणाले. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. झोप ठिकाणावर नाही, पण तशी अट कायद्यात नसावी.

बाबांनी आम्हा दोघी बहिणींच्या नावे ठेवलेली शिडाची बोट घेऊन मी आणि ताई लांबच्या सफरीला निघणार आहोत. किनारा बरेच दिवस दिसणार नाही. त्यासाठी हा खटाटोप.

कलम एक. बोटीतला माझा अर्धा हिस्सा ताईला. आम्ही दोघीही परतलो नाही तर बोटही परतलेली नसेल, तेव्हा त्या बाबतीत लिहिण्यासारखं काही उरत नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते आत्याला. त्यातून तिने डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं, पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नये. जाड सुई दाबायला तळहातावर बांधायचं माझं चामडंही तिलाच. ते मूळचं तिचंच, माझ्या हाताने फक्त सैल झालंय. मी शाळेत उशिरा गेले. अक्षरं मला आत्याने शिडाच्या कापडावर खडूने काढून शिकवली, मापं आजोबांनी, आणि "नक्की का?" हा प्रश्न मामाने. मी गणिताचं उत्तर सांगितलं की वेल्डिंग करता करता तो एवढंच विचारायचा आणि मी ते खोडायची, बरोबर असलं तरी. माझं 'किंतु' होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

कलम तीन. उरलेल्या निळ्या रंगाचा डबा रंगाऱ्याला. "बुडणाऱ्या बोटीला दुसरा हात कशाला?" असं तो मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाला होता. डब्याचं झाकण घट्ट बसलंय. उघडताना अंगावर चांगले कपडे नसावेत.

कलम चार. आजोबांना रंधा आणि मामाला ड्रिल मशीन देण्याचं जे लिहिलं होतं, ते मी मागे घेते. राग धरू नये. कारण पुढे येतं.

मामा आणि आजोबा एकमेकांशी बोलत नाहीत. मी फ्रॉकात होते तेव्हा मामाने याच बोटीच्या एका फळीला कुजकी म्हटलं. ती फळी आजोबांनी बसवलेली होती. तेव्हापासून आजोबा सकाळी काम करतात, मामा दुपारी, आणि मध्ये बोट रिकामी असते. आम्हाला वाटलं, तयारी दोन पाळ्यांत चाललीय, दुप्पट वेगाने होईल.

पहिलं मृत्युपत्र वाचून दाखवायला मी मामाच्या वर्कशॉपमध्ये गेले, तर त्याचा चहाचा ग्लास एका कोऱ्या स्टीलच्या पट्टीवर ठेवलेला.

"मामा, ही कुठली?"

"तुमच्याच बोटीची."

"मग बोटीत कुठली आहे?"

"जुनी. मी ही घेऊन आलो तर कपाट बसलेलं, पॉलिशसकट. म्हटलं, म्हातारबांनी जुनी बघून चालेल म्हटलं असेल."

"विचारलं नाहीस?"

"कुणाला? त्यांना?" असं म्हणून त्याने तोंडावर मुखवटा ओढून घेतला.

घरी येऊन मी आजोबांना आडून विचारलं.

"पट्टी हे तुझ्या मामाचं काम," ते म्हणाले. "जागा मोकळी दिसली, म्हणजे त्याचं झालं असणार. मी कपाट बसवलं."

"जुनी आहे की नवी, ते दिसलं नाही?"

"पोरी, चष्म्याशिवाय मला सगळं स्टील नवंच दिसतं."

यापुढे माझी जीभ रेटली नाही. ते कपाट त्यांचं शेवटचं काम आहे, असं ते स्वतःच म्हणतात. हात थरथरतो आता. त्यात एकही स्क्रू नाही, सगळे सांधे खाचेत बसवून चिकटवलेले, म्हणजे कापल्याशिवाय ते निघणार नाही. रोज संध्याकाळी ते फडकं घेऊन बोटीवर जातात आणि त्याची दारं पुसतात. धूळ नसते.

परवा मी कपाटाखालच्या फटीत बोट घातलं. बाहेर आलं ते तांबूस, ओलं. ताईला दाखवलं.

"बाबांच्या वेळची पट्टी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं धरून आहे ना?"

"धक्क्याला बांधलेल्या बोटीत. वाऱ्यात तुटली तर डोलकाठी आपल्या डोक्यावर येईल, ताई."

"किंतु, तू मला वेड लावशील. म्हाताऱ्याचं काळीज फोडून मला निघायचं नाही. तुला यायचं नसेल तर नको येऊस, मी एकटी जाईन. वारा फिरायच्या आत रविवारी निघायचं म्हणजे निघायचं."

ती एकटी जाईल. तेवढी मी तिला ओळखते. तेव्हापासून मला माझ्या मरणापेक्षा धक्क्यावर उभं राहून वाट बघण्याची जास्त धास्ती आहे.

आता कलम चारचं कारण. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलीणबाईंनी सांगितलं. दोघांनी एकाच वेळी हजर असलंच पाहिजे असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ते माझं म्हणणं आहे. मी दोघांना वेगवेगळं बोलावलं आहे आणि दुसरा कोण ते सांगितलेलं नाही. हे कपट आहे, हे मला कळतं.

आजोबा, मामा, हे वाचाल तेव्हा तुम्ही बोटीत समोरासमोर बसलेले असाल. मध्ये अंतर फार नसेल, जागाच तेवढी आहे. बाकावर आजोबांची बारीक दातांची करवत, आजोबांचा चष्मा आणि मामाची पट्टी ठेवली आहे. पट्टीवरचा चहाचा डाग मी पुसला आहे. पहिला काप आजोबांनी घालावा, म्हणजे कपाट पुन्हा जोडता येईल असा तो जाईल. हात थरथरला तर मामाने फळी धरावी. दोघांनी नाही म्हटलं तर मी कापीन. मी करवत कशी चालवते ते आजोबांनी पाहिलं आहे.

पट्टी बदलून झाली की मी सही करीन. त्याआधी नाही.

लिहून देणार: (जागा रिकामी)
साक्षीदार: आजोबा, सुतार. (जागा रिकामी)
साक्षीदार: मामा, वेल्डर. (जागा रिकामी)
ठिकाण: बोटीची केबिन, डाव्या कपाटासमोर.
दिनांक: गुरुवार, दहा नोव्हेंबर, सकाळी आठ.