तीन घंट्या माझ्या

बाबा, आज तुमच्या नातवाच्या दिव्यांनी तुमची आठवण करून दिली. वाशीमच्या नव्या घरात त्यानं दिवे, पंखे, टाकीची मोटर, सगळं फोनवर चालेल असं करून घेतलंय. पण आठवडा झाला, निरोप धड पोचत नाहीत. हा पुढच्या खोलीत बसून फोनवर बोट दाबतो, आणि मागचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, कधी सगळे विसरून गेल्यावर आपला आपण लागतो. मग तो ओरडतो, "आई, पहा बरं, लागला का?" मी गुडघे धरत जाते, बघते, येऊन सांगते. सून म्हणते, "तुम्ही बसा ना, मी पाहते." मी काही बसले नाही. तिला काय माहीत हे काम कुणाचं आहे ते.

तुम्ही जऊळक्याला रुळाच्या कडेच्या तारा दुरुस्त करायला जायचात आणि ड्यूटी संपली की वावरातल्या विहिरीवर. तिथून घरी काही कळवायचं तर मी धावायची. भाकर पाठवा, दोर आणा, पाहुणे थांबवून ठेवा. मला नावानं हाक तुम्ही क्वचितच मारली. "माही तार कुठी गेली?" म्हणायचात, की हातातलं टाकून मी हजर. गावात कुणाच्या पोरीला नव्हता इतका तोरा मला होता.

मग केनवडची वहिनी घरात आली, आणि त्याच वर्षी तुम्ही जुने सेल आणि एक घंटी आणून विहिरीपासून चुलीपर्यंत तार ओढलीत. एकच तार. विजेच्या परतीची वाट जमिनीतून, असं तुम्ही समजावलंत. दोन्ही टोकांना पत्र्याचा तुकडा ओल्या मातीत पुरायचा, बस. घरचा पत्रा मोरीच्या तोंडाशी पुरला, कारण तिथं बारा महिने ओल. विहिरीवरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजे. एकदा वाजली तर भाकर पाठवायची, दोनदा वाजली तर वहिनीनं जायचं, तीनदा वाजली तर मी. भाकर घेऊन वहिनीच जाई, मदतीलाही तीच जाई. तीन घंट्यांची वेळच येईना. मी चुलीपाशी बसून त्या घंटीकडे सवतीकडे बघावं तशी बघायची. एकदा भरल्या ताटावर बोलून गेले, "वहिनीले तीनपर्यंत मोजता येते का तरी?" तुम्ही घास खाली ठेवलात. "तिले मोजता येते. तुले गप बसता येत नाही." वहिनी तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं मान वर केली नाही, पण ती हसली असणार, असं मला आजही वाटतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घंटी बिघडली. आधी आवाज घोगरा झाला, मग दोन दाबल्या तर एक वाजे, मग तीही नाही. तुम्ही सेल बदललेत, बटण घासलंत, खांबाखांबाला तार ओढून पाहिलीत. आणि तपासायचं म्हणजे एक माणूस बटणाशी, एक घंटीशी, आणि मधे धावणारं कुणीतरी हवंच. तुम्ही विहिरीवर उभे आहात, डोक्याला ओला पंचा. "जाय, वहिनीले विचार कितीक डाव वाजली." मी धावते. वहिनी म्हणते, "एक डाव, तेबी खोकल्यावानी. काहून धावून राह्यली बाई एवढ्या उन्हात?" मी परत धावते. पाय भाजतात, घसा कोरडा पडतो, आणि मला वाटतं ही घंटी जन्मात दुरुस्त होऊ नये.

पण तुम्ही मोरीपाशी येऊन उभे राहिलात. काळी माती फाटून तिला हात जाईल एवढी भेग पडली होती. "पाणी कुठी जाते भांड्याचं?" वहिनी घाबरली. "मामाजी, पाण्याची टंचाई हाये म्हनून मी लिंबाच्या झाडाले टाकून राह्यली." जमीन वाळली आणि परतीची वाट बंद झाली, एवढंच होतं ते. तुम्ही भेगेत बादलीभर पाणी ओतलंत आणि मला शेवटचं विहिरीवर पाठवलंत. मी बटण दाबलं. घरी घंटी खणखणीत वाजली म्हणे. रागवाल असं वाटलं होतं, तर मी परत आल्यावर तुम्ही वहिनीला म्हणालात, "आता रोज एक गडवा पाणी इथं टाकत जाय. तुह्याच हाती हाये ही लाइन." त्या गडव्याभर पाण्यावरही मी जळले, बाबा.

मग मला धनजला दिलं. तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा भावानं ते बटण तुमच्या उशाशी आणून लावलं, एवढं मला माहीत होतं. मी आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

चार दिवसांमागं वहिनी इथं आली होती. आता तिला ऐकू कमी येतं. दिव्यांचा गोंधळ बघून हसली आणि म्हणाली, "तुमच्या बाबानं शेवटी मले लय दमवलं. रोज तीन डाव वाजवत. मी गेली का म्हणत, तू नाही वं, माही तार कुठी गेली? मंग मी सांगो, धनजहून निघाली, येऊनच राह्यली. तवा कुठी दोन घोट पाणी पेत." मी विचारलं, मला कळवलं काहून नाही? ती पदर चाळवत म्हणाली, "गू-मूत मी करो, अन् नाव तुमचं घेत. मले पाहवे ना."

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. पण आधी मला आनंद झाला, की तीही माझ्यावर जळत होती. रात्रभर तो आनंद टिकला. सकाळी मात्र कळलं, की घंट्या माझ्या होत्या आणि ऐकल्या तिनं.

हे कागद कुठं टाकायचे, ते मला ठाऊक नाही. उशीखाली ठेवीन. आतून पोरगा परत ओरडतोय, "आई, लागला का?" दिवा मघाचाच लागलाय, मला इथून दिसतोय. तरी मी उठून जाणार आहे.