फळ्यावर उरलेलं एकच काम

किगोझी,

मटोके पातेल्यात आहे, गरम करून खा.

दर रविवारी फळा पुसतोस आणि राहिलेली कामं पुन्हा ठळक अक्षरांत लिहितोस. याला कामं करणं म्हणत नाहीत रे बाबा! आज मीच निकाल लावला. गळका नळ दुरुस्त करून घेतला. ‘गिटार शिकणे’ पुसून टाकलं. तू काही शिकत नाहीस.

उरलं ‘नामागांडाच्या आत्याला भेटणे’. आत्यानं पुढे होऊन आणल्याशिवाय आमच्या घरात जावई येत नाही, हे तुला मी सांगायचं? बिचारी दोनदा कोंबडा शिजवून वाट बघत बसली.

मी मसाकाला तिच्याकडेच चाललेय. शनिवारी ये. नाही आलास, तर रविवारी ते काम पुन्हा लिहू नकोस.

नामागांडा