दातातला धागा

३ सप्टेंबर

पोचले एकदाची. नंदूने दिलेल्या वहीचं हे पहिलं पान. पुलगावच्या स्टेशनवर तिने ती माझ्या हातात कोंबली आणि बजावलं की आईने सगळं लिहायचं, दिवाळीच्या सुट्टीत आजीबरोबर पुण्याला आली की ती वाचून बघणार आहे. नऊ वर्षांची आहे, पण माझी हेडमास्तरीण झाली आहे. वहीत आतल्या बाजूला तिचा शाळेचा फोटो चिकटवलाय आणि खाली तिच्याच सांगण्यावरून मी लिहिलंय : राजनंदिनी, माझी मुलगी.

खोली धायरीत मिळाली, खाली पिठाची गिरणी आहे, त्यामुळे दिवसभर ज्वारीचा वास येतो. दुकान खडकवासल्याच्या रस्त्याला. मालक बद्रीनाथमास्तर सत्तरीचे असतील. लष्करी अकादमीतल्या मुलांचे, बँडवाल्यांचे, सिक्युरिटीवाल्यांचे युनिफॉर्म शिवण्यात जन्म गेला. दारातच पाटी आहे : 'माप एकदाच घेतले जाईल. नंतर वजन वाढल्यास तो आपला खासगी प्रश्न आहे.' मला एक कॉलर बसवायला दिली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, विदर्भात संत्र्यांशिवायही काही होतं म्हणायचं. हे पुण्यातलं कौतुक असतं असं शेजारच्या चहावाल्याने नंतर समजावलं. मला नोकरी लागली!

८ सप्टेंबर

रविवार, म्हणून नंदूसाठी एक गोष्ट. मी सहा वर्षांची होते तेव्हा दसऱ्याला बाबा मला दीक्षाभूमीवर घेऊन गेले होते. त्या लाखो माणसांत माझा हात सुटला. बाबांनी शोधून काढलं तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त रडत होते. मग त्यांनी मला एक निळी पत्र्याची शिट्टी घेऊन दिली. हरवलीस की वाजव, मी येतो, म्हणाले. परतीच्या गाडीत मी ती इतकी वाजवली की अख्खा डबा आमच्यावर तापला. बाबा गेले त्याला आता बारा वर्षं झाली. शिट्टी तुझ्याकडे आहे, नंदू, ती हरवू नकोस.

१७ सप्टेंबर

आज दुकानात एक पोलिश बाई आली. आगाता नाव, हिंजवडीत कंपनीत आहे, तिशी ओलांडलेली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा थोडंच बरं, त्यामुळे आमचं चटकन जमलं. तिच्या पिशवीत जाड लोकरीचा, राखाडी, लांब कोट होता. कसरीने खाल्लेला, अस्तर लोंबणारं, खांद्यांवरच्या पट्ट्या उसवून काढलेल्या. टाक्यांची भोकं अजून दिसत होती.

कोट तिच्या पणजोबांचा. युझेफ त्यांचं नाव, कोळशाच्या खाणीत कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा भाग जर्मनीने गिळला आणि मग तिथल्या पोलिश माणसांनाच जर्मन सैन्यात भरती केलं. नाही म्हणाल तर बायकामुलं छावणीत. इटलीत ते कैद झाले, तेव्हा इंग्रजांच्या हुकमाखाली लढणारं पोलिश सैन्य समोर होतं. त्यात गेले. कोट तोच ठेवला, नुसत्या पट्ट्या काढल्या आणि बटणं बदलली. दोन्ही वेळा हुकूम परक्याचाच. घरी ही गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही, जर्मन कोट घातलेला माणूस म्हणजे घराण्याची लाज. म्हणूनच तिथल्या शिंप्याकडे न देता तिने तो इथे आणला. युझेफची मुलगी हेलेना, म्हणजे आगाताची आजी, अजून आहे. शहाऐंशी वर्षांची. तिला बापाचा कोट एकदा नीट झालेला बघायचा आहे.

लढाई संपल्यावर युझेफ घरी आले. बायकोशी परक्यासारखा हात मिळवला. आठ वर्षांची हेलेना दारात उभी होती, तिच्याकडे वाकून अगदी प्रेमाने विचारलं, तू कुणाची गं? पुढे वीस वर्षं ते त्या घरात भाडेकरूसारखे राहिले आणि तसेच गेले. आजीचं म्हणणं असं की ती नवी बटणं कुणीतरी घाईघाईत कोट अंगावर असतानाच लावली. अंगावर शिवायचं तर त्या माणसाने दातात धागा धरायचा असतो, नाहीतर आठवण शिवली जाते.

मला हसू आलं. आमच्याकडेही आई अंगावर शिवू देत नाही, आणि बाबा तिला म्हणायचे, बटणाला काय कळतं? आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. लढाईत माणूस जे बघतो त्याने कुणाचंही डोकं रिकामं होईल. पण तिच्यापुढे मी हसले नाही. ती तू कुणाची गं म्हणाली तेव्हा मला नंदू आठवली.

२६ सप्टेंबर

कोट तयार झाला. रफू असं बसलंय की मास्तरांनी दोनदा चष्मा पुसून बघितलं, म्हणजे पसंत. पुतळ्यावर खांदे बसेनात, युझेफ अंगाने बारीक असावेत. मास्तर म्हणाले, तूच घाल, कॉलर कशी पडते बघू. घातला, तर माझ्याच मापाचा. छातीवरचं एक बटण मात्र लोंबत होतं. काढा, लावा, पुन्हा घाला, एवढं कोण करत बसणार? आरशात बघून अंगावरच टाके मारले. मास्तरांनी धाग्याचा तुकडा तोडून पुढे केला, दातात धर म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, आमच्यात हे चालत नाही. खरं सांगायचं तर मला जरा ऐटच वाटली.

फोनवर आईला सांगितलं तर ती चिडली. "अंगावर काहून शिवलं, पोरी? मेलेल्याच्या अंगावर शिवते लोकं." मी म्हटलं, बाबा असते तर हसले असते. ती म्हणाली, ते हसत होते, पण त्यांच्या शर्टाचं बटण मीच लावत होती, अन् तेव्हा धागा त्यांच्या दातात असे. हे मला माहीत नव्हतं.

३० सप्टेंबर

पुण्यात ऊन तापलंय आणि माझे पाय गार पडतायत. मशीनवर बसल्या बसल्या फ्लॅनेलचे दोन तुकडे घेतले आणि पायांना गुंडाळले. बोटांखाली कोपरा, वरून पट्टा, टाच ओढून घोट्याशी खोच. एक सुरकुती नाही. मास्तर बघत राहिले. पूर्वी मोज्यांऐवजी सैनिक असे पाय बांधायचे, म्हणाले, तुला कुणी शिकवलं? हातांना येत होतं, एवढंच.

४ ऑक्टोबर

आगाता कोट न्यायला आली. मी तिला चहा दिला आणि सहज बोलून गेले की तुमच्या घरात हिरव्या फरश्यांची चूल होती, तिची खालची एक फरशी सुटी होती, तिच्यामागे हेलेनासाठी साखर लपवलेली असायची. बोलून झाल्यावर माझीच मी दचकले. आगाताने तिथूनच आजीला फोन लावला. आजीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली की हे फक्त तिला आणि तिच्या बाबांना ठाऊक होतं.

आगाता माझ्या गळ्यात पडून रडली. लढाईआधीचे युझेफ त्यांच्याकडे आजीच्या अशा एकदोन आठवणींपलीकडे कुणाला ठाऊक नाहीत, म्हणाली. कोट तिने माझ्याकडेच राहू दिला. आता रोज संध्याकाळी येते, मशीनशेजारी स्टूल ओढते आणि विचारत राहते. मी सांगत राहते. खाणीचं उंच चाक, बायकोचे साबणाने फुटलेले हात. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पुण्यात माझ्याजवळ येऊन बसणारं दुसरं कोण आहे?

१२ ऑक्टोबर

दसरा. आईचा फोन दीक्षाभूमीवरून. मागून कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मी विचारलं, कसली शिट्टी? नंदू खिदळली, तिला वाटलं मी गंमत करते. आई म्हणाली, अगं, तुझ्या बाबांनी घेतलेली.

फोन ठेवून ही वही मागे उलटली. आठ सप्टेंबरचं पान. अक्षर माझंच आहे. गर्दी, हात सुटणं, रडणारे बाबा, सगळं वाचलं. कुणा दुसऱ्याची गोष्ट वाचावी तसं वाटलं. डोळे मिटून बाबांचा चेहरा आणायला बघितला. आला. बारीक अंगाचा माणूस, पापण्यांत कोळशाची पूड —

हे माझे बाबा नाहीत. मला फार भीती वाटते आहे.

१४ ऑक्टोबर

कात्री घेऊन बसले. बटण कापायचं आणि संपवायचं. आगाताने माझा हात धरला. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की मला युझेफचं आठवतंय म्हणजे माझं पुसलं जातंय. तिने ते कबूल केलं, मान खाली घालून. मी तिला म्हटलं, तुझ्या आजीचं सगळं आयुष्य झालं, माझी पोर नऊ वर्षांची आहे. मला आणखी काही विसरून चालणार नाही. ती एवढंच म्हणाली,

"एकदाच आजीला ओळख. मग काप."

मी हो म्हटलं. का म्हटलं? साखर लपवतानाचा आनंद मला लख्ख आठवतो. आणि नंदू जन्मली तो दिवस — पाऊस होता का? आईला विचारायला हवं.

१८ ऑक्टोबर

व्हिडिओ कॉल झाला. पांढरे केस, उशीला टेकलेली म्हातारी. मी कोट घालून बसले होते. ती काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघालं, झाबका. म्हणजे बेडकी. आगातालाही माहीत नव्हतं, तिला असं कुणी हाक मारायचं ते. म्हातारीने हात पडद्यावर ठेवला आणि मला बाबा म्हणाली. त्यांच्या भाषेत म्हणाली. मला कळलं.

चौकटीच्या बाहेर मास्तर उभे होते. त्यांनी कात्री माझ्यासमोर ठेवली आणि गेले.

१९ ऑक्टोबर

कात्रीची दोन्ही पाती बटणाखाली घातली. मिटायची एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात वाटलं, मग झाबकाला कोण ओळखणार? आठ वर्षांची पोर दारात उभी आहे आणि मी तिला दुसऱ्यांदा —

उद्या कापेन. नंदूची शपथ. उद्या.

२२ ऑक्टोबर

कोट नाही. मास्तर म्हणतात, झाबका आजारी पडली म्हणून आगाता विमानाने गेली, कोट तूच घडी घालून दिलास. मीच? मास्तर खोटं बोलणार नाहीत. आगाताला फोन केला, बटण काप म्हटलं. ती रडली. आजी कोट सोडत नाही, म्हणाली, झोपेतही ते बटण मुठीत असतं.

हातावर पेनने लिहून ठेवलंय : नंदू. माझी. २९ला येणार.

२५ ऑक्टोबर

घरमालकीण विचारत होती, कोण कोण येणार दिवाळीला? मी सांगितलं, माझी मुलगी. केवढी आहे? म्हणालो, आठ वर्षांची. दोन वेण्या, साखर आवडते —

नऊ. नऊ वर्षांची. हातावर बघितलं.

२७ ऑक्टोबर

आगाताचा फोन. झाबका गेली. शेवटपर्यंत हसत होती म्हणे. तिच्या मनासारखं केलं, कोट तिच्या अंगावर घालूनच पुरलं, सगळी बटणं लावून. आगाता माफी मागत होती. कशाबद्दल ते मला —

मास्तर शेजारी येऊन बसले. धाग्याचा तुकडा दिला. दातात धरला मी. खूप वेळ धरला. आता उपयोग नाही ना, विचारलं. त्यांनी धाग्याचं रीळ खणात ठेवून दिलं.

२८ ऑक्टोबर

आंघोळ केली. हातावरचं गेलं. काय होतं?

२९ ऑक्टोबर

सकाळी दारात एक म्हातारी आणि एक मुलगी आल्या आहेत. सामान बरंच आहे. पत्ता चुकला असेल. बसा म्हटलं, पाणी दिलं. म्हातारी माझ्या गालांवरून हात फिरवून रडते. मुलीने ही वही मागितली, वाचायची आहे म्हणे. दुसऱ्याची वही कशी देणार? आत एक फोटो चिकटवलाय, तोंडवळा हिच्याचसारखा. खाली लिहिलंय, माझी मुलगी. कुणी लिहिलं असेल?

तिच्या गळ्यात एक निळी शिट्टी आहे. माझ्याकडे बघत ती वाजवतच राहिली, कान किटले. जवळ घेऊन विचारलं, तू कुणाची गं? तर शिट्टी थांबली.

शहाणी पोर आहे. पोचवायला हवं हिला हिच्या घरी. रडून रडून फ्रॉकचं बटण लोंबायला लागलंय. म्हटलं, उभी राहा अशी, अंगावरच लावून देतो. म्हातारी आत पाणी तापवते आहे. मुलगी म्हणते, धागा दे दातात, आजी सांगते. काही होत नाही बाळ, म्हटलं, बटणाला काय कळतं? सुई ओवून ठेवली आहे. हलू नको म्हटलंय तिला. हे एवढं लिहून झालं की पहिला टाका —