नायकाचा ओटा रुपीबाईस

मी, धावजी हरिसिंग राठोड, या तांड्याचा नायक, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती, राहणार धावजीनायक तांडा, दिग्रसजवळ, जिल्हा यवतमाळ, माझ्यामागे काय कोणाचे ते आज राजीखुशीने ठरवून ठेवतो. छातीत कफ भरला असला तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. धाक घालणारा माझा धाकटा भाऊ खेमसिंग आज उमरखेडच्या बाजाराला गेला आहे, म्हणूनच आजचा दिवस धरला. मजकूर मी सांगतो आणि दिग्रसचे बाबाराव लिहितात. त्यांचे मराठी चांगले आहे. फार चांगले होऊ लागले की मी त्यांना थांबवतो.

१) माझी बायको रामीबाई आणि एकुलता मुलगा लालसिंग, दोघेही सत्तावन्न साली तापाच्या साथीत गेले. मागे राहिली ती लालसिंगची बायको रुपीबाई. तिला मूल नाही. एवढ्यावरून खेमसिंग म्हणतो की तिचा या घराशी संबंध संपला, तिने माहेरच्या तांड्यात निघून जावे. ती कोठेही जाणार नाही. राहते घर, घरापुढील ओटा आणि नाल्याकाठचे कपाशीचे शेत ही माझी स्वतःच्या कमाईची मिळकत आहे. ती सर्व मी रुपीबाईस देतो. त्यावर खेमसिंगचा किंवा त्याच्या मुलांचा काडीचा हक्क नाही.

२) आमचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या लदेणीच्या काळातील दोन गोणी माळ्यावर आहेत, त्या खेमसिंगने घ्याव्यात. त्याला जुने सगळे फार प्रिय आहे. तांबडा बैलही त्यालाच. तो मारका आहे, दोघांचे जमेल.

३) घर एकवेळ चालेल, पण ज्यावर तांड्याची बैठक बसते तो नायकाचा ओटा सुनेला कसा, असे तांडा विचारणार. म्हणून कारण लिहून ठेवतो.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरकारने तांड्याला रेडिओ दिला. कडुलिंबाला तार बांधली, आणि बॅटरीसकट पेटी माझ्या ओट्यावर ठेवली. संध्याकाळी नागपूरहून गावकऱ्यांसाठी बोलत, पण मराठीत. तांड्यातल्या बायांना आणि म्हाताऱ्यांना आमची बंजाऱ्यांची गोरबोलीच कळे. रुपी माहेरी शाळेत गेलेली होती, तिला दोन्ही येई. पण सून सासऱ्यापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडे टाकत नाही, मोठ्याने बोलत नाही, ही आमची रीत. ती मोडली तर वडीलधाऱ्यांनी तेथे बसणे हाच त्यांचा अपमान, त्यांनी उठून जायचे. म्हणून रुपी ओढणी ओढून दाराआड उभी राही आणि रामीबाईच्या कानात सांगे, आणि रामीबाई उंबऱ्यावर बसून सगळ्यांना ओरडून सांगे. तिचा आवाज रेडिओपेक्षा मोठा होता. कापसाचा भाव ती मनानेच थोडा वाढवून सांगे, लोक खूश होऊन घरी जात.

पावसाळ्यात साथ आली. संकट आले की नायकाने नगारा वाजवायचा आणि सगळ्यांनी त्याच्याजवळ गोळा व्हायचे, अशी लदेणीपासूनची आमची चाल. रानात चोर किंवा वाघ आला तर ती बरोबरच होती. नगारा वाजला. सगळा तांडा ओट्यावर आणि अंगणात मांडीला मांडी लावून बसला, रेडिओ साथीचे काय सांगतो ते ऐकायला. रेडिओ सांगत होता, गर्दी करू नका, आजाऱ्याला वेगळे ठेवा.

रुपीने ते कानात सांगितले. पण रामीबाईला आदल्या दिवसापासून ताप होता. तिने तोंड उघडले आणि नुसता खोकला आला. माझ्या पाठीशी लालसिंग घोंगडी पांघरून कुडकुडत होता. लोक वाट पाहत तसेच बसून राहिले, कारण नगाऱ्याने जमलेल्या बैठकीतून नायकाआधी कोणी उठत नाही, आणि नगारा मीच वाजवलेला, म्हणून मीही उठलो नाही.

तेव्हा रुपी दारातून बाहेर आली. तिने ओढणी मागे टाकली आणि ओरडली. ती आमच्या बोलीत ओरडली, बाबारावांनी त्यांच्या बोलीत उतरवले ते असे: "उठा! आपापल्या घरी जा! असेच बसून राह्यले त सारे मरसान! रेडू तेच सांगून राह्यला!"

खेमसिंग लाल झाला. "दादा, तुह्या सुनेनं तोंड उघडं टाकलं. आता इथं कायले बसाचं?" म्हणत तो उठला. त्याच्यामागे सगळे उठले. पाहता पाहता अंगण रिकामे झाले. रुपी तेथेच उभी राहून रडत होती. आणि त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलली. "बापू, मले मालूम होतं. असं केल्याबिगर हे उठणार नव्हते."

रागाने कोणी माझ्या दारी फिरकले नाही, आणि रुपीचे शब्द कानावर पडलेले, म्हणून एकमेकांकडेही फारसे गेले नाहीत. आजूबाजूच्या तांड्यांत घरोघर रडणे चालू होते. आमच्या तांड्यात ताप थोड्या घरांत शिरला आणि माणसे गेली ती माझ्याच घरातली. रुपीने दोघांचे रात्रंदिवस केले. येथे बाबारावांनी 'दैवगतीने' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मला रामीबाईची आणि लालसिंगची आठवण अजून रोज येते. त्याला शोभेचे शब्द नकोत.

खेमसिंगने अशी आवई उठवली की सुनेने मर्यादा सोडली, म्हणून घरावर कोप झाला. पंचांनी शिक्षा दिली की रुपीने विहिरीवर सगळ्या बायांच्या शेवटी पाणी भरावे. मी विरोध केला, माझे चालले नाही. ती आजही शेवटी उभी राहते. मला हे सहन होत नाही, आणि मी गेल्यावर तिला विहिरीवरून थेट वेशीबाहेर काढतील ही भीती मला झोपू देत नाही. ओटा तिला दिला तो यासाठी.

४) नगारा तांड्याचा आहे, पुढच्या नायकाने सांभाळावा. माझी ताकीद एकच, साथ असताना तो वाजवू नये.

५) रेडिओ सरकारचा, तो मला देता येत नाही. दोन वर्षे बॅटरी नाही, अर्ज करून थकलो. कधी आलीच तर रेडिओ याच ओट्यावर राहावा आणि रुपीने ओट्यावर बसून सांगावे, दाराआडून नव्हे.

६) मी गेल्यावर माझ्या दिवसकार्यासाठी तांडा याच ओट्यावर जमेल. तेव्हा हे मृत्युपत्र रुपीबाईने तोंड उघडे ठेवून, मोठ्याने, आमच्या बोलीत सांगावे. ज्याला अपमान वाटेल त्याने खुशाल उठून जावे.

वरील मजकूर बाबारावांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे, म्हणून सही करतो.

मुक्काम धावजीनायक तांडा, दिनांक २ डिसेंबर १९६२

सही: धावजी हरिसिंग राठोड
लिहिणार: बाबाराव, राहणार दिग्रस

साक्षीदार:
१) किसनराव, शेजारचे शेतकरी, राहणार दिग्रस. सही.
२) भावसिंग रामधन पवार, राहणार सदर तांडा, वरील शिक्षा देणाऱ्या पंचांपैकी एक. डाव्या हाताचा अंगठा. अंगठा देताना त्यांनी सांगितले, तेही लिहावे असा आग्रह धरला, म्हणून लिहिले: "मी त्या दिवशी खेमसिंगच्या मागं उठून गेलतो, म्हणून आज आंगठा द्याले जिता आहो. या खेपेले मी नाही उठणार."