याणीच्या पुस्तकातलं पान

मी, नूरबानू हुसैनमियाँ मुकादम, मूळ गाव साखरतर, तालुका रत्नागिरी, सध्या राहणार सूर, ओमान, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारा एकच माणूस होता, तो इथल्या कबरस्तानात आहे. वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, खरं माझ्या आईला ठाऊक. शाळा चौथीपर्यंत. अरबी मला मासे घेण्यापुरती आणि भांडण्यापुरती येते, म्हणून हे मराठीत. अरबी तर्जुमा शेजारचे बाळकृष्ण सामंत करून घेतील. त्यांनी शुद्धलेखन तपासताना जिथे 'गाढव' होतं तिथे 'सदर इसम' घातलं. मी पुन्हा गाढव घातलं आहे.

कलम १. राहतं घर भाड्याचं, अर्बाबचं, म्हणजे घरमालकाचं. त्याचं त्याला. मोरीतला नळ गळतो, तो त्याने आता तरी बदलावा.

कलम २. साखरतरचं घर आणि आंब्याची झाडं मुलगा इम्रान आणि मुलगी अफशीन यांना, शरियतने ठरवलेल्या वाट्याने. माझ्या दिराच्या पोरांनी कुंपण आमच्या अंगणात सरकवलं आहे. दोघा भावंडांनी मिळून ते मागे ढकलावं. त्या निमित्ताने एकमेकांशी बोलतील.

कलम ३. माझ्या बांगड्या अफशीनला हयातीतच दिल्या, कारण वारसाला मृत्युपत्रात जास्तीचं काही लिहिता येत नाही असं काझी म्हणाले. तिने त्या हातात घालाव्यात. बँकेच्या लॉकरला हात नसतात.

कलम ४. माझे मालक हुसैनमियाँ सूरला गलबतं बांधत. त्यांचा वाकस, करवत, पटाश्या तौहीद सोलकरला. तो त्यांच्या हाताखाली शिकला. इम्रानने त्या वाकसाने नारळ फोडला होता.

कलम ५. आता ज्याच्यासाठी सगळे माझी तब्येत विचारतात ते पुस्तक.

हे माझं नाही. जे माझं नाही ते मी कुणाला देऊ शकत नाही, हे आधी समजून घ्या. याणी नावाचा ग्रीक माणूस जहाजावर इंजिनं सांभाळायचा. त्याचं जहाज इथे अडकलं आणि तो तापाने पडला. हुसैनमियाँनी त्याला घरी आणलं. माझ्या हातचं कालवण खाऊन उठला, आणि जाताना खलाश्यांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "भाभी, ये माँ का है. समुंदर में डर लगता है. रखो, मैं आता है." आला नाही. हुसैनमियाँ म्हणाले, "अमानत आहे. तो येवो न येवो, आपण इथे आहोत."

पुस्तक कातड्याच्या पानांचं, ईसाई लोकांच्या इंजीलचं, हाताने लिहिलेलं. पानांवर मेणाचे थेंब आहेत. लिहिणारा चुकला तिथे त्याने खरवडून वर नवं लिहिलं, पण खालचं दिसतंच. एका पानावर सोन्याचा रंग, त्यात एक म्हातारा गुडघ्यावर कागद धरून लिहितो आहे. तसबीर नमाजेच्या खोलीत नको म्हणून मी पुस्तक आतल्या कपाटात ठेवलं, कुराणाच्या खालच्या फळीवर, माझ्या लग्नाच्या ओढणीत. दर रमजानच्या आधी कोरड्या फडक्याने पुसते. वाचता येत नाही. पुसायला वाचता यावं लागत नाही.

नूरैन, इम्रानची मुलगी, मस्कतला अल् घुब्र्यात अफशीनकडे राहून कॉलेज करते. तिने फोनवर फोटो काढून परदेशी कुठल्या मॅडमना पाठवले. म्हणाली, "दादी, इट्स लाइक... आठशे वर्षं! यू नो?" मी म्हटलं, "म्हणूनच पाठ दुखते त्याची. नीट धर."

त्यानंतर इम्रान मला अम्मा म्हणू लागला. एरवी 'ऐक गं' म्हणायचा. "अम्मा, अख्खं पुस्तक घेणारा एखादाच. सुटी पानं घेणारे पुष्कळ." मी म्हटलं, "उद्या मलाही सुटी विकशील." यंदा पुसायला काढलं तर म्हाताऱ्याचं पान नाही. शिवणीपाशी ब्लेडची सरळ रेघ. विचारलं तर तो गाढव म्हणाला, "ते पहिल्यापासून नव्हतं. कोण बघतंय, अम्मा?"

मी बघते.

कलम ६. बाप जिवंत आहे म्हणून नूरैन माझी वारस होत नाही, म्हणूनच तिला देता येतं. शरियत मला मर्जीने द्यायला मुभा देते त्या तिसऱ्या हिश्शातून तिचा प्रवास व्हावा. सरकारी परवानगी काढून, उजळ माथ्याने, तिने पुस्तक ग्रीसला, याणी आपलं म्हणून सांगायचा त्या खिऑस बेटावर न्यावं. याणी नसेल तर त्याची माणसं शोधावीत. तीही नसतील तर त्याच्या गावच्या चर्चमध्ये द्यावं. ओढणी परत आणावी.

कलम ७. इम्रानच्या वाट्याला मी कात्री लावत नाही. कातरणं ही त्याची खोड. पण माझ्या जनाज्याला रिवाजाप्रमाणे तोच उभा राहून म्हणेल, "माझ्या आईवर कुणाचं देणं असेल तर सांगा, मी फेडीन." त्या वेळी तौहीदने पहिल्या रांगेतून, सगळ्या सूरला ऐकू जाईल असं म्हणावं, "आहे. एक पान." आणि पान येईपर्यंत तिथून हलू नये.

सही: नूरबानू हुसैनमियाँ मुकादम
साक्षीदार: १) तौहीद सोलकर २) ताबिश सोलकर
सूर, १४ नोव्हेंबर २०२४

पुरवणी. वरचा कागद मी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली उघडाच ठेवला होता. बरणी रोज थोडी सरकलेली दिसे. काल जुम्म्याच्या नमाजेनंतर कपाट उघडलं, तर म्हातारा आपल्या जागी बसून लिहीत होता. इम्रान दारात आला. "अम्मा, चहा ठेवू?" त्याने आयुष्यात कधी चहा ठेवलेला नाही. साखर फार पडली होती. प्यायले.

सबब कलम ७ रद्द. साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या आहेत. मी एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.

नूरबानू, सूर, २३ नोव्हेंबर २०२४