उजेडात घातलेल्या कुरडया

२ एप्रिल, बुधवार

मारलं त्याला! सिंधूताईंचा गळा दाबून पाटल्या नेणारा तो कन्हानचा मोहित — पोलिसांनी आज सकाळी गोळ्या घातल्या. आणि मी पाहिलं. आमच्या गच्चीवरून.

कुरडयांचा चीक शिजवून वर नेला होता. अंधारात मी कधी घालत नाही. एके वर्षी अंथरलेल्या साडीवरून पाल चालून गेली, तेव्हापासून लख्ख उजाडल्याशिवाय सोऱ्या हातात धरत नाही. दरवर्षी सोऱ्या दाबायला समोरच्या सिंधूताई असायच्या. माझा हात आखडतो, त्यांचा कधी नाही. यंदा एकटीच होते.

नाल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर पोलिसांची गाडी थांबली. त्याला उतरवलं. दोन्ही हात समोर बांधलेले. खाली बसवलं. एक साहेब काहीतरी विचारत होता आणि तो नुसती मान हलवत होता — नाही, नाही. मग फटाक्यासारखा आवाज. पुन्हा एक. मी पाण्याच्या टाकीमागे बसले.

मनात पहिलं काय आलं? बरं झालं! खरंच, हेच आलं. महिनाभर आम्ही बायका दिवसासुद्धा कड्या लावून बसतोय. सिंधूताईंची प्रीती कॉलेजातून घरी आली तेव्हा तो तिला धक्का देऊन पळाला, ती आत गेली तर आई जमिनीवर. अशा माणसाची कसली कीव करायची?

थोड्या वेळानं उठले आणि उरलेल्या कुरडया घातल्या. चीक थंड झाला की वाया जातो.

३ एप्रिल

पेपरात पहिल्या पानावर. ‘पुरावे दाखवण्यासाठी आणले असता आरोपीने पहाटेच्या अंधाराचा फायदा घेऊन पिस्तूल हिसकावले, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला.’

अंधार? कुठला अंधार! माझ्या अर्ध्या कुरडया घालून झाल्या होत्या!

ह्यांना सांगितलं, सगळं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “तुले काय करायचं आहे वं? मेला ना तो? चहा टाक.”

टाकला.

४ एप्रिल

कॉलनीचे अध्यक्ष मधुकरराव येऊन गेले. उद्या संध्याकाळी त्या साहेबांचा सत्कार. “वहिनी, औक्षण तुमच्याच हातानं पाह्यजे. सिंधूताईच्या जवळच्या तुम्हीच.”

मी म्हटलं, प्रीती आहे की.

“तिनं दारच नाही उघडलं. सदम्यात आहे पोरगी.”

बिचारी! असणारच.

५ एप्रिल, शनिवार

ढोलताशा काय, फ्लेक्स काय! पोरं साहेबांना खांद्यावर घेत होती. एक म्हणे, कोर्टाची भानगडच नको, असाच न्याय पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

साहेब तरुण निघाले. थोडे लाजाळूच. कुंकू लावताना त्यांचं कपाळ घामानं ओलं होतं. माझ्याकडून थोडं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“कोणतं घर तुमचं, ताई?”

मी बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून आमची गच्ची पाहिली. कुरडयांची साडी अजून कठड्यावरच लोंबत होती.

“हवा मस्त येत असन वर,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मधुकररावांना उत्साह. “वहिनींच्या कुरड्या लय फेमस आहेत, साहेब!” झालं, घरी धावत जाऊन डबा भरून आणला. त्याच सकाळच्या कुरडया. देताना हसले. ग्रुपवर फोटो आलाय — मेली, एवढे दात कशाला दाखवायचे!

प्रीतीची खिडकी बंद होती.

६ एप्रिल

त्या कुरडया त्यांनी तळून खाल्ल्या असतील का?

१० एप्रिल

टीव्हीवर मोहितची आई. कन्हानचं घर, दारात प्लास्टिकची खुर्ची. रडत नव्हती. विचारत होती. “दिवस निघाला होता का अंधार होता, कोणी तरी पाह्यलंच असन ना गा? एवढे घरं आहेत तिथं!”

मी टीव्ही बंद केला. मग उगाच ओटा पुसत बसले. माझीच लाज वाटते. लाज वाटते आणि जेवणही जातं, हे आणखी वाईट.

१४ एप्रिल

प्रीती पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीला निघाली, एकटीच. दरवर्षी मायलेकी जायच्या, येताना मला मोतीचुराचा लाडू आणायच्या. ती फाटकाशी आली तेव्हा मी कढीपत्ता तोडायला वाकले. कढीपत्ता नको होता मला.

१७ एप्रिल

पेपरात सूचना. गोळीबाराची दंडाधिकारी चौकशी आहे, कोणाला माहिती असेल तर २५ तारखेला हजर राहून सांगावी. असली सूचना मी आजवर कधी वाचली नसेल. आज कशी बरोबर डोळ्यांसमोर आली!

ह्यांना म्हटलं, जाऊ का?

इतके चिडले! “काहून जातं? खुन्याची बाजू घेऊन राहिली का तू? सिंधूताईले काय वाटन?”

मी म्हटलं, हात बांधलेले होते हो त्याचे.

मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या साहेबाले आपलं घर माहीत आहे. समजून राहिलं का तुले?”

कोणी दाखवलं? मीच. बोट करून.

२१ एप्रिल

सिंधूताईंशी मनातल्या मनात भांडले आज. तुमच्यासाठीच गप्प आहे, म्हटलं. मग वाटलं, त्यांचं नाव कशाला पुढे करतेस? घाबरली आहेस तू. सरळ लिही ना — घाबरले आहे.

२५ एप्रिल, कुही

माहेरी आले. वहिनीला म्हटलं, नागपूरचं ऊन सोसत नाही. कुहीला काय बर्फ पडतो? पण तिनं काही विचारलं नाही. पन्हं दिलं.

दिवसभर घड्याळाकडे पाहणं टाळलं. संध्याकाळी ह्यांचा फोन. “बरं केलं गेली ते.”

शाबासकी मिळाली. आयुष्यात इतकी हलकी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

२८ एप्रिल

प्रीती आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली. पंचवीसला ती चौकशीला गेली होती. एकटी.

“काकू, माह्या मायले मारणारा तो मोहित नव्हता. धक्का देऊन पळाला त्याचा चेहरा मी पाह्यला ना! पोलिसांनी मोहितचा फोटो दाखवला तेव्हाच सांगतलं होतं, हा नाही म्हणून. तरी नेलं त्याले.”

आणि आम्ही तिला सदम्यात ठरवून ढोल वाजवले.

“चौकशीवाले म्हणतात, अंधार होता, पाहणारं कोणीच नाही. शुक्रवारपर्यंत कोणी सांगाले आलं तर ऐकतीन.” तिनं आमच्या जिन्याकडे पाहिलं. “काकू, तुमच्या गच्चीवरून नाल्याकडचं दिसते का?”

आतून हे मुद्दाम खोकले.

“दिसतं,” मी म्हणाले. “चांगलं उजाडलं होतं.”