मादी समजून ठेवलेला फायटर

बाबा,

मुद्दाम जाड पेनाने लिहितेय. सकाळी ड्यूटीला निघताना पाहिलं, तर फायटर माशांच्या पिल्लांत एकीची शेपटी फाटलेली. काल तुम्ही माद्या म्हणून एकत्र सोडलेल्या पाचांत एक नर निघाला. पर अजून आखूड आहेत त्याचे, पण तुम्हीच शिकवलेला मादीच्या पोटाखालचा पांढरा ठिपका त्याला नाही, आणि आरसा धरला तर कल्ल्यांखालची दाढी फुगवून अंगावर येतो. त्याला बरणीत वेगळं ठेवलंय. जखमी मादी जगेल. पाणी बदललंय.

तुमची चूक झाली म्हणून लिहीत नाहीये. पेपर तुम्ही नुसता हातात धरता, पान उलटत नाही, हे मी दोन महिने बघतेय. ह्यांना अजून बोलले नाही. गुरुवारी रजा टाकलीय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण दोघंच जाऊ. “बघू पुढच्या महिन्यात” म्हणू नका. वाद घालायचं त्राण नाही हो माझ्यात.

दुसऱ्या टाकीतली अकरा पिल्लं तपासायची राहिलीत. संध्याकाळी माझ्याजवळ बसा. काय शोधायचं ते तुम्ही सांगा, बघायचं काम मी करते.

तुमची सून